गावात नाटक आणि लेखनाचे वर्ग घेताय? आम्ही केलेल्या या चुका तेवढ्या टाळा

दारूबंदीचं पथनाट्य होतं, तापीकाठचं एक गाव, मारुतीच्या पारासमोर, आणि गावाला सगळ्यात जास्त कोण आवडलं असेल तर तो दारुडा. पोराने कामच तसं झकास केलं, झोकांड्या खात आला, बायकोवर हात उचलला तरी लोक पोट धरून हसत होते, शेवटी आमच्या सूत्रधाराने 'दारू सोडा संसार जोडा' सुरू केलं तोवर अर्धी पब्लिक उठून गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतली बारकी पोरं त्याचीच नक्कल करत फिरत होती. म्हणजे आम्ही सात दिवस एनएसएसच्या (कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या) कॅम्पमधे राहून, वरणबट्टी खाऊन, दारूची फुकट जाहिरात करून आलो.

जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत पोरापोरींसोबत नाटक आणि लिहिण्याचे वर्ग घेतो मी. आता बरेच जण विचारतात की आम्हाला पण करायचंय, काय करू. काय करू ते मला अजून नीट माहीत नाही पण काय करू नये याची वही मात्र भरलीय.

स्क्रिप्ट खिशात घेऊन जाणे

ही सगळ्यात मोठी, बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटच्या. वरच्या नाटकाची स्क्रिप्ट मी घरी बसून लिहिली होती, विषय वरून आला होता, पोरांना फक्त पाठ करायचं होतं. ज्यांच्या घरात रोज हे चालतं त्यांना मीच शिकवत होतो की दारुडा कसा चालतो!

पुढच्या वर्षी दुसऱ्या गावात तोच विषय आला तेव्हा आधी दोन दिवस नुसतं विचारत बसलो. संध्याकाळी सात वाजता तुमच्या घरात कोण कुठे असतं, एवढाच प्रश्न. एक पोरगी म्हणाली की वडिलांनी गाडीचं स्टँड लावलं की त्या आवाजावरून कळतं आज कसे आलेत. झालं, नाटक तिथेच मिळालं. आम्ही दारुडा स्टेजवर आणलाच नाही. माय भाकरी थापतेय, मोठी पोरगी दप्तर आत सरकवतेय, बारका टीव्हीचा आवाज कमी करतो, पैसे डाळीच्या डब्यात जातात, आणि बाहेर स्टँडचा आवाज. कट. अकरा मिनिटांचं नाटक, कोणी हसलं नाही, एकही घोषणा नाही. आणि एक सांगतो, त्या पोरीच्या गावात आम्ही तो प्रयोग केला नाही, तिचं घर लोकांनी दोन मिनिटात ओळखलं असतं. तिला विचारून आणि बऱ्याच गोष्टी बदलून तीन गावं सोडून केला.

पोरांनी सांगितलेलं कच्चं तसंच वापरणे

वर्ग रंगला की पोरं बोलायला लागतात आणि मग कधीतरी असं काही बाहेर येतं की तुमच्या पायाखालची जमीन सरकते. नवीन लोकांना वाटतं वा काय सीन मिळाला. थांबा. जे सांगितलं ते नाटकात घ्यायचं का हे ठरवायचा हक्क सांगणाऱ्याचा, आणि आज हो म्हणाला तरी दोन दिवसांनी पुन्हा विचारायचं. पात्राचं गाव, नातं, वय बदला, सांगणाऱ्याला स्वतःचाच रोल देऊ नका.

आणि अठरा वर्षांखालच्या पोराने किंवा पोरीने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर तो नाटकाचा विषयच उरत नाही. पोक्सो कायद्यात, २०१२ चा आहे तो, कलम १९ नुसार माहिती असणाऱ्या कोणालाही पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा. त्यामुळे 'तू सांग, मी कोणालाच सांगणार नाही' असं वचन पहिल्या दिवशी उत्साहात देऊन बसू नका, मी दिलं होतं एकदा, आणि त्यानंतर ज्या रात्री झोप लागली नाही त्या मोजल्या नाहीत. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फळ्यावर पहिल्याच दिवशी लिहून ठेवायचा, सहज, वर्गाच्या वेळेच्या शेजारी.

सगळ्यांना प्रमाण मराठी बोलायला लावणे

रिहर्सलमधे पोरगी अडखळत होती. आईचा रोल होता, वाक्य होतं 'बाळा, तू जेवलास का?' चार वेळा घेतलं, पाचव्यांदा ती वैतागून म्हणाली, सर, मनी माय असं बोलत नई. बरोबर होतं तिचं. अहिराणीत, म्हणजे आमच्या खान्देशच्या बोलीत बोल म्हटल्यावर जी सुटली ती मला थांबवावी लागली.

पण याच्या उलटी चूक पण आहे आणि ती जास्त छुपी आहे. अहिराणी घेतली पण कोणाच्या तोंडी, तर नोकराच्या, येड्याच्या, दारुड्याच्या. तलाठी, मास्तर, डॉक्टर मात्र एकदम पुणेरी. लोक हसतात, आपण खूष, आणि समोर बसलेल्या पोराला न सांगता कळतं की त्याची भाषा कशासाठी असते. आम्ही आता एक नियम ठेवलाय, नाटकातलं सगळ्यात शहाणं पात्र गावच्या बोलीत बोलणार.

आणि खान्देश म्हणजे सगळीकडे अहिराणी असं धरून चालू नका भो. भुसावळ-यावल-रावेरकडे लेवा बोली आहे, तडवी आहेत, गुजर समाजाची गुजरी आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे गेलात तर पावरी, भिली, नवापुरात मावची. तिथे तुमची अहिराणी पण बाजाराच्या माणसाची भाषा वाटते. आम्ही सातपुड्यात एकदा मोठ्या प्रेमाने अहिराणी नाटक घेऊन गेलो होतो, पोरं शांतपणे बघत बसली, मला वाटलं रंगलंय. नंतर कळलं त्यातल्या निम्म्यांना काही लागलंच नव्हतं!

वेळ आणि जागा न बघणे

हे पटकन सांगतो कारण हे डोकं लावायचं कामच नाही, फक्त विचारायचं काम आहे. दसऱ्यापासून पुढे कापूस वेचणी, तेव्हा पोरं संध्याकाळी पण दमलेली. नंदुरबारकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, जानेवारीत शिबीर ठेवलंत तर कुलपांना नाटक दाखवाल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, दुपारचा वर्ग ठेवणाऱ्याला माझा कोपरापासून नमस्कार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला मात्र लेकी माहेरी येतात, झोके बांधलेले असतात, गाणी चालू असतात, तेव्हा नाटक नाही केलं तरी चालेल, नुसतं ऐकायला जा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर.

जागा. पार ही पुरुषांची जागा. तिथे जेठ-सासरे बसलेले असतात, सुना येत नाहीत, आणि आपण म्हणतो महिलांचा प्रतिसाद कमी. आम्ही तेच नाटक गल्लीत, दोन ओट्यांच्या मधे केलं तर खिडक्या, दारं, गच्च्या भरल्या. माईक लागला नाही. लावायचाच असेल तर रात्री दहाच्या आत आटपा, आणि ग्रामपंचायतीला आधी सांगून ठेवा, पोलीस पाटलाला पण, नाहीतर ऐनवेळी कोणाचा तरी नाना नाराज होतो.

प्रेक्षकांना बोलावून 'जादू' करणे

ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल या नाट्यदिग्दर्शकाने हा प्रकार काढला, फोरम थिएटर म्हणतात. नाटक एकदा दाखवायचं, शेवट वाईट. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं आणि प्रेक्षकाने थांबा म्हणून आत यायचं, पात्राच्या जागी उभं राहून वेगळं काहीतरी करून बघायचं. बोआल स्वतः किस्सा सांगायचा तो पेरू देशातला, १९७३ च्या आसपासचा. नवऱ्याने फसवलेल्या बाईचं नाटक चालू होतं, प्रेक्षकातली एक बाई सारखी सांगत होती तिला म्हणावं नवऱ्याशी स्पष्ट बोल, नटी वेगवेगळ्या तऱ्हेने बोलून दमली, बाईचं समाधान होईना. शेवटी तिलाच वर बोलावलं तर तिने झाडूने नवऱ्याला, म्हणजे त्या बिचाऱ्या नटाला, बडवला. तिच्या भाषेत स्पष्ट बोलणं म्हणजे ते होतं.

आम्ही हे आपल्याकडे केलं, विषय दहावीनंतर पोरीचं लग्न. प्रेक्षकातून एक काका उठले, बापाच्या जागी उभे राहिले आणि म्हणाले, ठीक आहे बेटा तू शिक. टाळ्या. खेळ खलास. सगळे घरी. ही जादू झाली, असा बाप एका रात्रीत बदलत असता तर नाटक कशाला केलं असतं. म्हणून नियम असा की जो अडकलाय त्याच्याच जागी यायचं, अडवणाऱ्याच्या नाही. पोरीच्या जागी या, मायच्या जागी या, आणि बापाचं काम करणाऱ्या नटाने सहजासहजी ऐकायचं नाही. दुसऱ्या गावात नववीतली एक पोरगी आत आली आणि पाऊण मिनिटात तिची बोलती बंद झाली, मार्कशीट दाखवून झाली, रडून झालं, बाप ढिम्म. मग मागून एक बाई ओरडली, आधी मामाला फोन लाव, मामाशिवाय लग्न लावून दाखवा म्हणावं! तिथून पुढे तासभर गाव भांडत होतं. मामा, आत्या, मास्तर, आजीचे दागिने, सगळं निघालं. मला जन्मात सुचलं नसतं.

मधे उभं राहून हे चालवणारा माणूस मात्र हजरजबाबी पाहिजे, आपल्या तमाशातल्या सोंगाड्यासारखा, आणि त्याने स्वतःचं मत द्यायचं नाही. हे फार अवघड जातं. मला अजून जमत नाही, म्हणून मी मागे बसतो.

लेखनाच्या वर्गात निबंध

'आईवर लिहा' म्हटलं की तीस वह्यांमधे तोच ममतेचा सागर. पोरांचा दोष नाही, शाळेत त्यालाच मार्क मिळतात. आम्ही आता प्रेम, ममता, वात्सल्य हे शब्दच बंद ठेवतो आणि विचारतो, आईच्या हाताला कसला वास येतो? ठेच्याचा, शेणाचा, निरम्याचा. चोपड्याकडच्या एका पोराने लिहिलं होतं, आईच्या हाताला फवारणीच्या औषधाचा वास येतो, ती म्हणते साबणाने जातो, जात नाही. संपलं, एवढंच. यात मी काय सुधारू?

सुधारायचंच नसतं, निदान पहिले चार वर्ग तरी. लाल पेन घरी ठेवा. ऱ्हस्व-दीर्घ बघायला लागलात की पोरं तेवढंच लिहितात जेवढ्याचं स्पेलिंग येतं. अहिराणीला तर ठरलेलं लेखन असं नाहीच, 'आहे'ला कोणी शे लिहितं कोणी से, चालू द्या. दहा मिनिटं पेन उचलायचं नाही, सुचलं नाही तर सुचत नाही सुचत नाही असंच लिहायचं. वाचून दाखवायची सक्ती नको, 'पास' म्हणायची मुभा पाहिजे. मुली तिसऱ्या दिवसापासून यायच्या बंद झाल्या तर बहुतेक वेळा कारण वर्गात नसतं, घरी जायला उशीर होतो हे असतं, अर्धा तास आधी सोडून बघा.

कोणी बोलतच नसेल तर? गोल करा, खुर्ची काढा, तुम्ही पण खाली बसा, आणि पहिला फजितीचा किस्सा तुमचा.

ज्याला लिहिता येत नाही त्याला बाहेर ठेवणे

निदान आपण खान्देशातल्या लोकांनी तरी ही चूक करू नये. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात घरात काम करताना त्या गाणी रचायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी ती लिहून ठेवली म्हणून आज आहेत, पुस्तक निघालं १९५२ ला, त्या गेल्याच्या पुढच्या वर्षी. धुळ्याच्या जेलमधे १९३२ ला विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. सांगणारा एक, लिहून घेणारा दुसरा, हे आपल्याकडे आधीपासून आहे. तर आम्ही प्रत्येक पोराला एक म्हातारं माणूस वाटून देतो. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं, विचारून, आणि मग हाताने उतरवायचं. व्हॉइस टायपिंगवर जाऊ नका, आमच्या एका पोराने तसं केलं तर माले (म्हणजे मला) चं मळे झालं आणि अख्खी आजी बागायतदार झाली.

शेवटचं काम असतं ते सांगणाऱ्याला वाचून दाखवायचं. हे आम्ही सुरुवातीला करतच नव्हतो, वेळ नाही म्हणून. पारोळ्याकडच्या एका आजीने विहीर खोदतानाची गोष्ट सांगितली होती, सगळ्या बायांनी मिळून माती वाहिली ती. पोराने छान उतरवली आणि शेवटी एक ओळ स्वतःची टाकली, पाणी म्हणजेच जीवन वगैरे. आजीला वाचून दाखवली. ती मान हलवत ऐकत होती, शेवटच्या ओळीला थांबली, म्हणाली, हाई मनं नई शे, हाई तुनं शे.

पोराने तिच्यासमोरच ती ओळ खोडली. मग आजी म्हणाली, आता पहिल्यापासून वाच.