बाळासोबत बबल्स खेळताना या चुका टाळा

बाळासमोर बबल्स करायला बसलं की एकतर फुगा होतच नाही, झाला तर लगेच फुटते, नाहीतर बाळ डोळे चोळून रडून राहते. ह्यातलं बहुतेक सगळं टाळता येते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे बाळाच्या तोंडासमोर फुंकणं. फुगा फुटला की साबणाचे बारीक थेंब सरळ डोळ्यात जातात. म्हणून जरा बाजूला बसा, वारा बाळाकडे येणार नाही असं बघा, आणि फुगे थोडे दूर, वरून खाली येऊ द्या. तीनेक महिन्यांचं बाळ फक्त नजरेने फुग्यामागे जाते आणि तेवढं त्याला भरपूर आहे, सहा महिन्यांचं मात्र हात मारते आणि तोच हात लगेच तोंडात, त्यामुळे ओला रुमाल जवळ ठेवून हात पुसत राहायचा. डोळ्यात गेलंच तर चोळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने नीट धुवा, लाली तशीच राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

भांड्याचं लिक्विड नको, ते फार झोंबते. एक चमचा बेबी शाम्पू, तीन चमचे पाणी आणि थेंबभर ग्लिसरीन, झालं. फुगे थोडे लहान येतील, येऊ द्या. बोरॅक्स म्हणजे टाकणखार, तो घातलेल्या रेसिपी फिरत असतात त्या बाळासाठी अजिबात करू नका. घरी बोअरचं पाणी असेल तर ते जड असते, फेस धरत नाही, आरओचं घ्या.

आता आपल्या नागपूरचा खास प्रॉब्लेम. मे महिन्यात पारा 45 च्या वर, हवा एकदम कोरडी, फुग्याच्या पातळ पडद्यातलं पाणी उडून जाते आणि तो हवेतच फुटते. मग लोक शाम्पू वाढवत बसतात, त्याने काही होत नाही आणि बाळाच्या अंगाला साबण मात्र जास्त लागते. त्यापेक्षा सकाळी लवकर खेळा, नाहीतर खोलीत कूलर थोडा वेळ चालवा, हवा ओलसर झाली की कूलर-पंखा दोन्ही बंद करा आणि मग फुंका, फुगे कितीतरी जास्त टिकतात. जुलैत पाऊस लागला की हा त्रासच नाही.

फरशीवर जुनी चादर टाकाच, टाईल्स साबणाने भयंकर घसरतात आणि बाळाला कडेवर घेतलेला माणूस घसरला तर दोघांनाही लागते. टबमध्ये फेस करून खेळवत असाल तर फोन वाजो की बेल, बाळाला एकटं सोडून उठायचं नाही, चार बोटं पाणीही बाळाला बुडायला पुरते.

बबल गन घेतली असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होते ना ते आधी बघा. बटणासारखा छोटा चपटा सेल (बटन सेल) असला आणि बाळाने तो गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, लगेच हॉस्पिटल गाठावं लागते.

बाळाने तोंड फिरवलं, जांभया दिल्या की त्याचं झालं, बंद करा. बबल्सचं उरलेलं पाणी फेकून द्या, दुसऱ्या दिवशी ताजं बनवा.