मूत्रपिंडाच्या गाठीची शस्त्रक्रिया : सीटी स्कॅनवरून गुंतागुंतीचा अंदाज कसा बांधावा

परळच्या रुग्णालयांत कोकणातून किंवा विदर्भातून आलेल्या रुग्णाच्या पिशवीत बहुधा स्कॅनच्या फिल्म आणि चार ओळींचा रिपोर्ट असतो. मूत्रपिंड राखून केवळ गाठ काढायची असेल, तर तेवढ्यावर नियोजन करू नये. निवासी डॉक्टरांनी मूळ स्कॅनची सीडी मागवून घ्यावी, आणि कॉन्ट्रास्टचे (स्कॅनसाठी शिरेतून दिलेल्या द्रव्याचे) धमनी, नेफ्रोग्राफिक (मूत्रपिंडाचा गर उजळतो तो) व उत्सर्जन (द्रव्य लघवीत उतरते तो) हे तिन्ही टप्पे आडव्या व उभ्या छेदांत स्वतः पाहावेत.

आधी 2009 साली मांडला गेलेला रेनल स्कोअर, म्हणजे गाठ काढणे किती अवघड आहे याची गुणपद्धती, काढावा. त्यात गाठीचा आकार, ती बाहेर किती डोकावते, मूत्रसंकलन भागापासूनचे (मूत्रपिंडात लघवी जमा होते त्या पोकळीपासूनचे) अंतर आणि ध्रुवरेषांच्या (मूत्रपिंडाची वरची व खालची टोके मधल्या भागापासून वेगळी करणाऱ्या काल्पनिक रेषांच्या) संदर्भातील जागा यांना प्रत्येकी 1 ते 3 गुण मिळतात; 4 ते 6 म्हणजे सोपी, तर 10 ते 12 म्हणजे अवघड गाठ. मात्र केवळ बेरजेवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. साडेसात सेंटिमीटरची, मूत्रपिंडाच्या मध्यभागी असली तरी बरीचशी बाहेर आलेली आणि मूत्रसंकलन भागापासून 7 मिलिमीटरहून दूर असलेली गाठ 8 गुणांची होते. वरच्या ध्रुवात पूर्णपणे गाडलेली, त्या भागापासून जेमतेम 3 मिलिमीटरवरची तीन सेंटिमीटरची गाठही 8 गुणांचीच. लघवी झिरपण्याची भीती दुसरीत अधिक असते, म्हणून प्रत्येक घटकाचे गुण वेगळे लिहावेत.

यानंतर मूत्रपिंडाभोवतालची चरबी पाहावी. रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख क्वचितच असतो. ही चरबी चिकट असण्याची शक्यता सांगणाऱ्या मेयो अधेसिव्ह प्रोबॅबिलिटी स्कोअरसाठी मूत्रशिरेच्या पातळीवर मूत्रपिंडामागील चरबीची जाडी मोजतात: 1 सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास शून्य, 2 किंवा अधिक असल्यास 2 गुण. चरबीत धाग्यांसारख्या पांढुरक्या रेषा दिसल्यास आणखी 2, त्या दाट असल्यास 3. एकूण गुण 5 च्या जवळ असतील, तर चरबी मूत्रपिंडाला घट्ट चिकटलेली असण्याची शक्यता मोठी असते. ती सोडवताना आवरण फाटते, रक्तस्राव वाढतो आणि वेळ लांबतो, त्यामुळे ही शस्त्रक्रिया अनुभवी शल्यविशारदाच्या यादीत ठेवावी.

धमनी टप्प्यात मूत्रपिंडाच्या धमन्या मोजाव्यात, कारण अतिरिक्त धमनी नजरेतून सुटल्यास मुख्य धमनीला क्लॅम्प (रक्तप्रवाह थांबवणारा चिमटा) लावूनही रक्त वाहत राहते. शिरेत गाठीचा अंश दिसल्यास एमआरआय करून तो कुठवर पोहोचला आहे ते ठरवावे.

हा अंदाज संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वीच नातेवाइकांना समजावून सांगावा आणि केसपेपरवर लिहून ठेवावा.