अंधारात सापडणारं बटण: या कामात नवीन येणाऱ्या पोरांसाठी

कोल्हापुरात डिप्लोमा झाला की पोरांना दोनच रस्ते दिसतात, एक तर फाउंड्री नाहीतर पुणे. बटणं डिझाइन करणं हा पण एक धंदा असतो आणि त्यात नोकरी मिळते हे कुणी सांगतच नाही, म्हणून हे लिहितोय. मी गोकुळ शिरगावच्या बाजूला एका छोट्या युनिटमध्ये काम करतो, पॅनेलची पुश बटणं, डोअरबेलची, स्टार्टरची, आणि त्यातली बरीचशी अंधारात दिसणारी. बाहेरून बघताना वाटतं त्यात काय आहे, चमकणारी पावडर टाकली प्लास्टिकमध्ये की झालं. नाय. पावडर शेवटी येते.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं "रेडियमचं बटण पायजे". त्याच्या डोक्यात चारपैकी कुठलीही गोष्ट असू शकते. गाड्यांना लावतात ती पट्टी, जी स्वतः उजेड देतच नाही, फक्त आलेला उजेड माघारी फेकते. किंवा दिवसा उजेड पिऊन रात्री सोडणारं प्लास्टिक. किंवा आत निऑनचा बारका दिवा असलेलं बटण. किंवा एलईडीवालं. त्यामुळं पहिला प्रश्न कायम हा विचारायचा, बटण बसणार कुठं, आणि तिथं दिवसभर उजेड असतो का आणि रात्री करंट असतो का. या दोन उत्तरांवर निम्मं डिझाइन ठरतं.

उसातली मोटर घ्या. शेतीची लाईट आपल्याकडं पाळीनं येते, काही दिवस रात्रीची. माणूस बांधावरनं मोबाईलची बॅटरी दातात धरून जातो आणि पत्र्याची पेटी उघडून हिरवं बटण दाबतो. आता या स्टार्टरला उजेड पिणारं प्लास्टिक वापरलं तर काय होईल? पेटीचं दार दिवसभर बंद, म्हणजे बटण दिवसभर उपाशी, रात्री चमकणार काय डोंबल. तिथं एलईडीच पायजे. शिवाय त्या माणसाला फक्त बटण दिसून भागत नाही, तिन्ही फेज आलेत का हे कळायला पायजे, कारण दोन फेजवर चालू केली की मोटर घुमते आणि जळते, म्हणून तीन फेजचे तीन छोटे इंडिकेटर आणि त्यांच्या उजेडातच बटण दिसेल अशी मांडणी केली तर एका खर्चात दोन कामं होतात. पण कॉलेजात न शिकवलेली गोष्ट म्हणजे उजेडाला किडं येतात, किड्यांमागनं पाल येते, आणि पाल कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे मोटरचा करंट जोडणाऱ्या भागात, गेली की पुढचं सांगायला नको. पांढऱ्या-निळ्या उजेडापेक्षा पिवळट-नारिंगी उजेडाला किडं कमी येतात, म्हणून मी तिथं अंबर एलईडी घेतो आणि पेटीला केबल जिथनं आत जाते तिथं ग्लँड, म्हणजे केबलभोवतीची फट बंद करणारं बूच, लावाच म्हणून भांडतो. ग्लँडवर पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना होतो.

आता अपार्टमेंटचा जिना घ्या. तिथं दिवसा उजेड असतो, रात्री लाईट जाते, आणि लाईट गेल्यावरच बटण शोधायची वेळ येते. ही जागा पावडरीची. ही पावडर म्हणजे स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट, त्यात युरोपियम आणि डिस्प्रोशियम अगदी थोडं घातलेलं. आधी तांबं घातलेला झिंक सल्फाइड वापरायचे, तो थोड्याच वेळात मलूल व्हायचा. १९९३ साली जपानच्या नेमोतो कंपनीत हा नवीन माल तयार झाला, जुन्याच्या साधारण दहापट उजळ आणि टिकायला पण तेवढाच लांब. स्ट्रॉन्शियम म्हटलं की एखादं गिऱ्हाईक दचकतं, रेडिएशनवालं का म्हणून. अणुस्फोटातनं येतं ते स्ट्रॉन्शियम ९० वेगळं, हे साधं, स्थिर, किरणोत्सर्ग नसलेलं. खरा रेडियम घड्याळाच्या काट्यांना लावायचे ते जुन्या काळात. अमेरिकेत १९२० च्या आसपास तो रंग लावणाऱ्या पोरी ब्रशला टोक काढायला ब्रश ओठात धरायच्या, त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी गेल्या. ट्रिटियम अजून काही घड्याळांत वापरतात, त्याला ना उजेड लागतो ना करंट, पण त्याचा अर्धायुष्यकाळ १२.३ वर्षं आणि किरणोत्सर्गी वस्तू म्हटली की अणुऊर्जा नियामक परिषदेचे नियम आले. आपल्या जिन्यातल्या बटणाला ते नकोच.

पावडरीबद्दल पुस्तकात कमी आणि मशीनवर जास्त कळतं. ही पावडर लई कडक असते. इंजेक्शन मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून भरणाऱ्या, मशीनचा स्क्रू आणि बॅरल ती पॉलिश पेपरसारखी घासते, आणि घासून निघालेला लोखंडाचा कण प्लास्टिकच्या दाण्यात मिसळून बटणात राखाडी रेघा येतात. नवीन पोरगं म्हणतं दाणा खराब आला, पर्चेसवाल्याला फोन लावतं. दाणा खराब नसतो. कडक केलेला स्क्रू पायजे, आरपीएम कमी पायजे, गेट, म्हणजे माल साच्यात शिरतो ते तोंड, मोठा पायजे म्हणजे माल चिंचोळ्या वाटेनं रगडत जाणार नाही. आमच्याकडं मोल्डिंगला एक अण्णा आहेत, ते रेघ बघूनच सांगतात घास बॅरलचा आहे का गेटचा. असा माणूस तुमच्या युनिटमध्ये असला तर पहिले काही महिने त्याच्या मशीनपाशी उभं राहा, कॅडवर बसायची घाई करू नका.

पावडर तशीच हॉपरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या माल टाकायच्या नरसाळ्यात, टाकू नका. तिची घनता ३.६ च्या आसपास, प्लास्टिकची एक-सव्वा, त्यामुळं ती खाली बसते आणि एक बटण लख्ख तर पुढचं मंद असं होतं. पावडर आधीच मिसळलेला दाणा, म्हणजे तयार मास्टरबॅच किंवा कंपाउंड घ्या. बारीक दळलेली पावडर जास्त गुळगुळीत फिनिश देते हे खरं, पण पावडरीचा दाणा जेवढा बारीक तेवढी चमक कमी, त्यामुळं मोठा दाणा घेऊन फिनिशवर थोडं सोसायचं का उलटं, हे गिऱ्हाईकाला दोन सॅम्पल दाखवून ठरवायचं. पाणी लागलं की ही पावडर हळूहळू फुटते, रंगात किंवा बाहेरच्या बटणात वापरणार असाल तर कोटिंगवाली ग्रेड मागा. पॉलिकार्बोनेटमध्ये टाकणार असाल तर प्लास्टिकचा दाणा १२० डिग्रीला तीन-चार तास वाळवायचा हा नियम इथं पण लागू, पावडर घातली म्हणून माफी नाही. आणि बटण छान पांढरं दिसावं म्हणून त्यात टायटॅनियमचा पांढरा रंग टाकायला कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो उजेड आत जाऊ देत नाही आणि आतला बाहेर येऊ देत नाही. पांढरा पायजे तर मागच्या बाजूला. पारदर्शक प्लास्टिकमध्ये पावडर आणि त्याच्यामागं पांढरी भिंत, मग मागं जाणारा उजेड पण पुढं येतो. पावडरवाल्या प्लास्टिकचा थर फार पातळ ठेवला तर पावडरच कमी बसते. मी दीड मिमीच्या खाली सहसा जात नाही. आणि खूप जाड करून पण फायदा नाही, आतल्या थरापर्यंत उजेड पोचतच नाही, नुसती महागाची पावडर पुरून ठेवल्यासारखं.

जिन्यातला दिवा कुठला आहे हे पण बघून या. या पावडरीला निळा-जांभळा उजेड लागतो. पिवळट वॉर्म एलईडीत निळा कमी असतो, त्याखाली ती अर्धपोटी राहते. जुने सोडियमचे पिवळे दिवे असलेल्या शेडमध्ये तर तिच्याकडनं अपेक्षाच ठेवू नका. फाउंड्रीत वरनं काळ्या वाळूची धूळ बसते ती वेगळीच.

टेस्टिंग कसं करायचं हे कुणी नीट शिकवत नाही म्हणून जरा सविस्तर. बल्ब बंद केला आणि लगेच बघितलं तर कुठलंही बटण भारी दिसतं. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि बटणाची चमक पहिल्या काही मिनिटांतच झरझर खाली येते, म्हणजे एक वर चढतंय आणि एक उतरतंय, आणि आपल्याला बघायचंय ते तासाभरानं. त्यामुळं मोबाईल बाहेर ठेवून अंधाऱ्या खोलीत बसायचं. सरळ टक लावून बघितलं तर मंद बटण गायब होतं आणि जरा बाजूला नजर टाकली की दिसतं, कारण अंधारात काम करणाऱ्या पेशी डोळ्याच्या बरोबर मध्यात नसतातच. याच पेशींना ५०७ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवट-निळा सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून हिरवी नाहीतर निळसर-हिरवी पावडर घेतात. लाल चमक मागणाऱ्या गिऱ्हाईकाला मी हेच समजावतो, लाल अंधारात सगळ्यात आधी विझल्यासारखा वाटतो. आकड्यात बोलायचं तर जर्मनांचं डीआयएन ६७५१० हे स्टँडर्ड आहे, त्यात १००० लक्स उजेडाखाली ५ मिनिटं ठेवून मग १० मिनिटांनी आणि ६० मिनिटांनी किती मिलीकँडेला प्रति चौरस मीटर चमक उरली ते मोजतात. सप्लायरकडं हेच दोन आकडे मागा. "१२ तास चमकतं" असं नुसतं लिहिलेलं असलं तर ते वाक्य सोडून द्या. मोबाईलच्या नाइट मोडचा फोटो पण पुरावा नाही, त्यात मेलेलं बटण पण जिवंत दिसतं.

आता करंटवाली बटणं. निऑन जुना, स्वस्त, २३० व्होल्टवर एका रेझिस्टन्सवर वर्षानुवर्षं चालतो, पण म्हातारा झाला की काच काळी पडते आणि तो फडफडायला लागतो. त्याचा अजून एक गुण बऱ्याच जणांना माहीत नसतो, गडद अंधारात निऑन पेटायला कुरकुर करतो, कारण सुरुवातीला थोडे इलेक्ट्रॉन मोकळे व्हायला बाहेरचा उजेड मदत करतो, म्हणजे जिथं सगळ्यात जास्त गरज तिथंच साहेबांचा मूड नसतो. सप्लाय पुरेसा असेल तर चालून जातं, पण व्होल्टेज खाली आलेल्या गावात तक्रार येते. एलईडी घेतली तर २३० चा शिखर व्होल्टेज ३२५ आहे हे कायम डोक्यात ठेवा. पाव वॉटचा साधा रेझिस्टन्स बहुतेक वेळा २५० व्होल्टच्या आसपासच सोसतो, वॉटेज पुरत असलं तरी, म्हणून एक २०० के न लावता १०० के चे दोन सिरीजमध्ये. आणि एलईडी उलट्या बाजूनं पाच-एक व्होल्टच सहन करते म्हणून तिच्या उलट एक ४००७ डायोड, जो एकाच दिशेनं करंट सोडतो. एवढ्यात सरासरी अर्धा मिलीॲम्प मिळतो आणि आजच्या चांगल्या एलईडीला रात्री तेवढा रग्गड होतो. नवीन पोरं उगीच उजेड वाढवतात, मग बेडरूममधला माणूस त्यावर चिकटपट्टी लावून झोपतो.

इंडिकेटर स्विचच्या दोन टोकांत जोडला की बल्ब बंद असताना त्याचा करंट बल्बमधनं जातो. जुन्या पिवळ्या बल्बला ते कळायचं पण नाही. एलईडी बल्बमधला कपॅसिटर मात्र तेवढ्यावर हळूहळू भरतो आणि बल्ब मधूनच लुकलुकतो नाहीतर मंद जळत राहतो, आणि घरमालक वायरमनला बोलवून वायरिंगला शिव्या घालतो. आपल्याकडच्या बोर्डात प्लगसाठी न्यूट्रल बहुतेक असतोच, तर इंडिकेटरला न्यूट्रलचं तिसरं टर्मिनल द्या, प्रश्न मिटला. मग तो चोवीस तास लागलेला राहतो पण बल्बच्या वाट्याला जात नाही. इलेक्ट्रॉनिक बेलचं पण असंच, काही बेली तेवढ्या करंटवर गुणगुणतात, म्हणून नवीन बेलपुश काढला की बाजारातल्या वेगवेगळ्या बेली आणून त्यावर लावून बघायचा.

इमर्जन्सी स्टॉप आला की हौस बाजूला. मश्रूमसारखं लाल डोकं, मागं पिवळं, दाबलं की अडकून राहणारं, आणि कॉन्टॅक्ट स्प्रिंगच्या भरवशावर नाही तर थेट ढकलून उघडणारा, हे आयएसओ १३८५० आणि आयईसी ६०९४७ या स्टँडर्डांत वाचून पाठ करा. त्या लाल डोक्यात पावडर घालू नका, अंधारात ते हिरवं दिसेल आणि हिरवं म्हणजे स्टार्ट हे ऑपरेटरच्या हाडात बसलेलं असतं. पिवळ्याच्या बाहेर चमकणारी एक रिंग द्या, जागा पण कळते आणि रंगाचा घोळ होत नाही. खरं तर साध्या बटणाला पण मला रिंगच आवडते, अख्खं बटण चमकवलं तर बोट ठेवल्यावर सगळं झाकून जातं.

घरगुती स्विचला आयएस ३८५४ हे भारतीय स्टँडर्ड आणि आयएसआय मार्क लागतो. पावडर घातली की प्लास्टिक बदललं असं समजायचं, जरा ठिसूळ होतं, आगीच्या टेस्ट परत द्याव्या लागतात, ज्यात तापलेल्या तारेचा वेढा ६५० नाहीतर ८५० डिग्रीला प्लास्टिकवर दाबून धरतात. आधीचं सर्टिफिकेट आहे की, असं म्हणणारा साहेब भेटेल, त्याला लेखी द्यायला सांगा.

शिक्षणाचं थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल कुठलाही डिप्लोमा चालतो, प्लास्टिकमध्येच जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला सीपेट ही प्लास्टिकचं शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, तिथंच टूल अँड डाय, म्हणजे साचे बनवायचं काम, शिकायला इंडो जर्मन टूल रूम आहे. ते जमत नसेल तर उद्यमनगरात एखाद्या डाय बनवणाऱ्याकडं बिनापगारी का होईना उभं राहायची सोय बघा, ड्राफ्ट (साच्याच्या भिंतीचा उतार), सिंक मार्क (पृष्ठभागावरचा खळगा), वेल्ड लाईन (माल दोन बाजूंनी येऊन जुळल्याची रेघ) हे शब्द तिथं हाताला लागतात. सुरुवातीचा पगार एमआयडीसीतल्या बाकीच्या ट्रेनीएवढाच, त्यात भुलून जायला काही नाही. वाढतो तो तेव्हा, जेव्हा तुम्ही प्लास्टिक आणि करंट दोन्हीकडचं बोलू शकता, कारण मोल्डवाला सर्किटचं ऐकत नाही आणि सर्किटवाला मोल्डचं, आणि मालकाला मध्ये एक माणूस पायजे असतो.

इंटरव्ह्यूला येताना सॉफ्टवेअरची यादी मोठी करू नका भावांनो, ती सगळ्यांचीच सारखी असते. भंगारातनं दोन-तीन जुनी बटणं घ्या, उघडा, स्प्रिंग, कॉन्टॅक्ट, कॅप सगळं व्हर्नियरनं मोजून हातानं ड्रॉइंग काढा, आणि कुठला भाग कशाचा आहे आणि आधी काय झिजलंय ते शेजारी लिहा. तो कागद आणि ती उघडलेली बटणं पिशवीत घालून या. मी तरी आधी तेच बघतो, मार्कशीट नंतर.