दिवाळी ते शिमगा: कोकणातून अनवट घाटवाटा चढायच्या तर काय तयारी लागते

मुंबई-पुण्याची भावंडं आणि त्यांची मित्रमंडळी दरवर्षी विचारतात, ताई, रायगड झाला, हरिश्चंद्रगड झाला, आता गर्दी नसलेलं तुमच्याकडचं काहीतरी सांग. दरवेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते. आपल्या बाजूच्या ज्या वाटा फार कोणी चालत नाही त्यांच्याबद्दल हे आहे, म्हणजे खेडचं रसाळगड-सुमारगड-महिपतगड त्रिकूट, चोरवण्यातून नागेश्वर, शृंगारपुरातून प्रचितगड, महाडकडे कर्णवडीतून वर केळदला जाणारे मढे आणि उपांड्या घाट, खाली कुडाळकडे नारूरमधून रांगणा. बाकीच्या वाटांनाही हीच तयारी थोड्या फरकाने चालेल.

सगळ्यात आधी एकच गोष्ट शोधून काढायची, वाट चालती आहे का. बूट, बॅग सगळं त्यानंतर. आमच्या आजीच्या पिढीतली माणसं मीठ, सुकी मासळी डोक्यावर घेऊन याच घाटांनी देशावर जायची, येताना धान्य आणायची, सोयरिकी सुद्धा वर-खाली व्हायच्या, तेव्हा पाखाड्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, बांधलेल्या होत्या आणि रोजच्या पायांनी वाट मोकळी राहायची. गाडीरस्ते झाले, एसटी आली, पाय थांबले, आणि पाय थांबले की दोन-तीन पावसाळ्यांत कारवी आणि करवंदीच्या जाळ्या वाट गिळून टाकतात. नागेश्वरची वाट अजून ठळक आहे कारण महाशिवरात्रीला खालची माणसं दर्शनाला चढतात. ज्या घाटाला ना यात्रा ना बाजार तिथे नकाशावर तुटक रेघ असते आणि जागेवर फक्त रान. त्यामुळे इंटरनेटवरून उतरवलेला ट्रॅक किती साली नोंदवलाय ते बघा, आणि तो २०२१ च्या जुलैच्या आधीचा असेल तर त्याच्यावर अजिबात विसंबू नका. त्या २२-२३ जुलैला महाबळेश्वरला चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला, तळिये आणि पोसरे इथे डोंगर घरांवर आला, आणि या पट्ट्यातल्या कितीतरी नाळा (कड्यातल्या अरुंद घळी) आणि धारा (डोंगराच्या अरुंद कडा) ढासळल्या. गावात विचारतानाही "वाट आहे का" असं विचारू नका, "आहे की" असंच उत्तर येणार, कारण त्यांच्या आठवणीत ती असतेच. "काका, यंदा कोण गेलं होतं वर?" असं विचारा. नाव सांगितलं की त्या माणसाला गाठा. कोणी नाव सांगू शकलं नाही तर ती वाट यावर्षी मोडलेली समजा, दुसरी निवडा.

मग सीझन. गणपतीला घरी आलेले चाकरमानी हमखास म्हणतात की चार दिवस सुट्टी आहे तर जाऊन येऊ, तर नाही. पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, भरलेले असतात, कातळावर शेवाळ असतं, त्याच्यावर कुठलाच बूट धरत नाही, आणि माथ्यावर पाऊस पडला की खाली कोरडं असतानासुद्धा नाळेत पाणी येतं. दिवाळीच्या सुमारास पाऊस गेलेला असतो पण गवत छातीएवढं, वाट दिसत नाही, पाय कुठे पडतोय ते कळत नाही आणि कुसळं मोज्यातून आत घुसतात. डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य हा खरा काळ, गवत बसलेलं किंवा कापलेलं, हवा स्वच्छ, खालच्या टाक्यांत (कातळात खोदलेल्या हौदांत) पाणी. त्यानंतर शिमग्यापर्यंत जमतं पण वणवे लागतात आणि पाणी आटतं, शिमग्यानंतर कोकणातून चढूच नका, पालख्या बघा आणि परत जा.

परवानगीचं थोडक्यात. नागेश्वर कोयना अभयारण्यात आणि प्रचितगड चांदोली राष्ट्रीय उद्यानात येतो, २०१० पासून दोन्ही सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहेत, त्यामुळे वनखात्याची परवानगी, ओळखपत्राच्या झेरॉक्स, ठरलेली फी, आणि आत मुक्काम नाही हे धरूनच प्लॅन करायचा. गेटवर जाऊन बघू असं करू नका, आठवडाभर आधी वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात विचारून ठेवा. जंगल खरंच जागतं आहे, गवा आणि अस्वल दोन्ही आहेत, म्हणून पहाटेच्या अंधारात किंवा संध्याकाळी गप्प एकेकटं चालायचं नाही.

वाटाड्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते कारण इथेच माणसं कंजुषी करतात. गावातला, शक्यतो गुरं किंवा मध-शिकेकाईच्या निमित्ताने वर जाणारा माणूस घ्या. त्याची बिदागी आदल्या दिवशी बोलून घ्या आणि हिशोब असा धरा की त्याचा मजुरीचा दिवस जातो, आणि तुम्ही माथ्यावरून पुण्याच्या गाडीत बसलात तरी त्याला एकट्याने तोच घाट उतरून घरी जायचंय, कारण रस्त्याने फिरून यायचं म्हटलं तर वरंधा नाहीतर कुंभार्ली घाटातून त्याचा अख्खा दिवस मोडेल. म्हणजे त्याला माथ्यावरून दुपारी दोनच्या आत मोकळं करायला हवं. उजेडात तो घरी पोचला पाहिजे ही तुमची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी पाणी आणि डबा तुम्ही न्यायचा, आणि पैसे रोख, सुट्ट्या नोटांत, कारण रेंज नाही तिथे फोनवरून पैसे जाणार नाहीत. आणखी एक, तो म्हणाला "तासाभराचं आहे" तर आपल्या पायांनी दोन तास धरा, तो खोटं सांगत नाही, त्याचे पाय तेवढे आहेत. रसाळगडावरून सुमारगडाकडे आणि पुढे महिपतगडाकडे जाताना दाट झाडीत ढोरवाटा इतक्या फुटतात की वाटाड्या नसेल तर त्या पट्ट्यात शिरूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि तिन्ही गड एका दिवसात उरकायचा हट्ट नको, दोन दिवस ठेवा.

निघायची वेळ ठरवताना ऊन कुठून येतं ते बघा. आपली बाजू पश्चिमेची, सह्याद्रीची भिंत पूर्वेला, त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत आख्खी चढण सावलीत असते आणि दुपारनंतर तीच भिंत तोंडावर ऊन घेते, कातळ तव्यासारखा तापतो आणि नाळेत वारा नसतो. पाचशे ते आठशे मीटर चढायचंय, कोकणातली दमट हवा आहे, घाम सुकत नाही. म्हणून पायथ्याच्या वाडीतून उजाडताना निघायचं आणि अकरापर्यंत अवघड भाग संपवायचा. आदल्या रात्री वाडीत देवळात मुक्काम करा, देवळात थांबायचं तर पोलीस पाटलांना किंवा मानकऱ्यांना विचारून, आणि गाभाऱ्यासमोर बूट-चुली पसरायच्या नाहीत.

पाणी माणशी चार लिटर. हो, जड होतं, तरी चार. वर टाकं आहे म्हणून कमी घेतलं आणि टाक्यात गाळ निघाला की पुढचा सगळा दिवस जातो. क्लोरिनच्या गोळ्या आणि गाळायला सुती फडकं ठेवा. ओआरएसची पाकिटं घ्याच, पण घरचं कोकमाचं आगळ छोट्या बाटलीत भरून नेलं तर त्यात मीठ असतंच, साखर आणि पाणी घातलं की झालं, आणि उन्हात गोड सरबतांपेक्षा ते जास्त जातं. खायला तांदळाची भाकरी नेऊ नका, दुपारपर्यंत कडक होते, त्यापेक्षा घावणे आणि सुकी चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे, खजूर, भाजलेले काजू. चढताना पोटभर खायचं नाही, दर तासाला मूठभर. माथ्यावर चूल पेटवून काही शिजवायचं डोक्यातून काढूनच टाका, फेब्रुवारीत एक ठिणगी डोंगराची अख्खी सोंड जाळते आणि खालच्या वाडीची कलमं त्यात जातात.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पँट पूर्ण, शॉर्ट्स नकोत, करवंदीचे काटे आणि खाजकुयली दोन्ही आहेत. बूट ग्रिपवाले आणि आधी महिनाभर वापरलेले, नवे बूट घालून आलात तर उतरताना अंगठ्याची नखं काळी होतात. मुरमाड घसाऱ्यावर उतरताना काठीचा फार आधार होतो, वाडीतून चिव्याची (बारीक बांबूची) एक काठी मागून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. वाळलेल्या कारवीला धरून अंग टाकू नका, ओली धरते, सुकलेली मुळासकट हातात येते. मुलींसाठी वेगळं सांगते, पाळी येणार असेल तर पॅड आणि वापरलेले परत आणायला जाड झिपची पिशवी, आणि ग्रुपमध्ये आधीच सांगून ठेवा की मध्ये थांबावं लागेल, लाजून पाणी कमी पिण्याने चक्कर येते.

आता साप आणि मधमाश्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात फुरसं भरपूर, कातळात, दगडांच्या खाली, बोटभर जाडीचं पण विषारी. नाग, मण्यार, घोणसही आहेत. या चौघांवर सरकारी दवाखान्यात मिळणारी सापाच्या विषावरची लस (अँटी-व्हेनम) चालते, झाडावरच्या हिरव्या चापड्यावर ती लागू नाही, पण दवाखान्यात जायचं ते कुठल्याही चाव्याला. दगड उचलताना, कपारीत हात घालताना आधी काठी, अंधारात टॉर्चशिवाय एक पाऊल नाही. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, अंगठी-घड्याळ-बूट काढायचे, तो पाय काठ्या लावून हलणार नाही असा ठेवायचा, वेळ लिहून ठेवायची आणि माणसाला चालवत न नेता उचलून खाली आणायचं. त्यासाठी चादर आणि दोन बांबू पुरतात, चार जण मात्र लागतात, म्हणून सहापेक्षा कमी लोकांनी अशा वाटेला जाऊ नये. खेडकडून गेलात तर कळंबणीचं आणि चिपळूणकडून गेलात तर कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय लक्षात ठेवा, आणि वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का ते आदल्या दिवशी फोन करून विचारा. त्यांना या फोनची सवय असते, संकोच नको.

सापापेक्षा मला जास्त भीती आग्या मोहोळाची वाटते कारण ती एकाला नाही, सगळ्यांनाच धरतात आणि तेव्हा आपण उभ्या कड्यावर असतो. परफ्यूम, डिओ, वासाचं तेल सगळं बंद, सिगारेट बंद, कड्याखाली आरडाओरडा नाही, मोहोळ दिसलं की बोट दाखवून थांबून फोटो काढायचा नाही, गप्प पुढे सरकायचं. प्रत्येकाकडे एक पातळ सुती चादर हवीच, बॅगच्या तळाशी नाही, वरच्या कप्प्यात. माश्या उठल्याच तर डोकं, मान, तोंड झाकायचं, हात झटकायचे नाहीत, आणि जमीन देईल तेवढ्या वेगाने त्या जागेपासून लांब. कोणाला मधमाशी चावून आधी सूज-दम लागला असेल तर त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय यायचंच नाही.

बॅगेत बाकी असं. हेडटॉर्च माणशी एक आणि जादा सेल, शिट्टी, पॉवर बँक, ऑफलाइन उतरवलेला नकाशा, आणि जमलं तर सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाचा त्या भागाचा कागदी प्रिंट, कारण अरुंद नाळेत आणि दाट झाडीखाली फोनचा ठिपका भलतीकडे उडी मारतो. क्रेप बँडेज, पॅरासिटामॉल, रोजच्या गोळ्या. दोर तीस मीटरचा घ्या पण तो बांधता येणारा माणूस सोबत असेल तरच, नुसता दोर बघून माणसं नको तिथे उतरायला धजतात, सुमारगडाच्या अवघड टप्प्याला हे विशेष लागू आहे. प्रचितगडाला शिडी आहे, एकावेळी एकच माणूस.

जायचं कसं तर कोकण रेल्वेने खेड, चिपळूण, संगमेश्वर किंवा कुडाळ, आणि पुढे एसटी. आतल्या गावांना वस्तीची गाडी असते, संध्याकाळी जाते, रात्री तिथेच थांबते आणि पहाटे परत येते, ती पकडली तर मुक्कामाचं गणित आपोआप जमतं. डेपोत फोन करून वेळ पक्की करा, शाळेच्या सुट्टीत फेऱ्या कमी होतात. वडाप मिळते पण रविवारी भरवसा नाही. घरच्या एका माणसाकडे कागदावर लिहून ठेवा, कोणत्या वाडीतून निघतोय, वाटाड्याचं नाव-फोन, कोणत्या गावात उतरणार, आणि रात्री किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर काळजी करायची. ती वेळ ठरवताना दोन तास जास्त धरा, पण ती उलटली तर त्यांनी लगेच ११२ ला आणि वाडीत फोन करायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

घरी आल्यावर अंघोळ करताना काखा, जांघा, कानामागे, केसांत गोचिडी बघा, चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढा, रॉकेल-काडी काही नको. कपडे गरम पाण्यात. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर कुठे काळी खपली दिसली, तर घरगुती काढा पीत बसू नका, डॉक्टरकडे जा आणि रानात फिरून आलोय, गवतात बसलो होतो हे स्वतःहून सांगा, कारण ते सांगितलं नाही तर स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणाऱ्या तापाची, टेस्ट कोणी लिहून देत नाही.