अहमदाबादला कार्बुझिएचे बंगले बघायला निघालात? या चुका टाळा

जळगाव-भुसावळहून अहमदाबादला जाणं अवघड नाही. तापी लाइनवरची नवजीवन एक्सप्रेस पकडायची, डबा उघडून दशम्या-चटणी खायची, नवापूर आलं की अर्धं स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत कसं ते पोरांना दाखवायचं, सुरतवरून पुढं अहमदाबाद. इथवर कोणी चुकत नाही. चुका सुरू होतात स्टेशनाबाहेर पडल्यावर.

ल कार्बुझिए हा जगप्रसिद्ध स्विस-फ्रेंच वास्तुशिल्पकार १९५१ मध्ये पहिल्यांदा या शहरात आला. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच्या चार इमारती इथं उभ्या राहिल्या: साराभाई आणि शोधन हे दोन बंगले, मिलमालकांच्या संघटनेची इमारत आणि एक संग्रहालय. हे बंगले रीलमध्ये फिरायला लागल्यापासून सिव्हिलची पोरं, आर्किटेक्चरवाले, नुकतं घर बांधायला काढलेली जोडपी, सगळ्यांना तिकडं जायचंय. मी अधूनमधून ओळखीच्यांना घेऊन जातो, म्हणून फोन मला येतात. प्रश्न तेच आणि घोळही तेच.

फाटकावर जाऊन धडकणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चीड आणणारी चूक ही. दोन्ही बंगले खाजगी आहेत. तिथं तिकीटखिडकी नाही. पॅरिसजवळ पॉसीला त्याच माणसाचं व्हिला साव्हॉय आहे, ते सरकारी मालकीचं. तिकीट काढा, सोमवार सोडून कधीही जा. तिथं जाऊन आलेल्यांना वाटतं इथंही तसंच असणार. काही जण तर ‘युनेस्कोच्या यादीत आहे, मग अडवतात कसे?’ म्हणून वाद घालतात. २०१६ मध्ये कार्बुझिएच्या ज्या इमारती जागतिक वारशात गेल्या, त्यात भारतातून चंदीगडचं कॅपिटॉल संकुल आहे. अहमदाबादचे बंगले नाहीत. २०१७ मध्ये यादीत आलं ते अहमदाबादचं जुनं शहर.

एकदा एका खाजगी बंगल्याची (कोणता ते सांगत नाही) परवानगी मिळाली होती. मोजून पाच जणांची, सकाळची वेळ. आमच्यातल्या एका हौशी गड्यानं आदल्या रात्री लोकेशन ग्रुपवर टाकलं. सकाळी फाटकावर बघतो तर खान्देशातनं अख्खी ट्रॅव्हलर भरून आलेली. एक आप्पा वॉचमनला म्हणताहेत, “दोनच मिनिटं भाऊ, आम्ही लांबून आलोय,” आणि शंभराची नोट त्याच्या खिशात कोंबताहेत. तो बिचारा हात मागं घेतोय. एका पोरानं तेवढ्यात कंपाउंडवर चढून मोबाइल धरला. आतून एक गृहस्थ आले. ना आवाज चढवला, ना कुणाला बोल लावला. आज जमणार नाही एवढंच सांगितलं आणि फाटक लागलं. आमचे पाच जणही बाहेरच. पुढच्या वर्षीच्या माझ्या मेलला उत्तर आलं नाही, आणि ते बरोबरच झालं. आपल्या ओसरीवर कुणी असं घुसलं तर आपण काय आरती ओवाळू?

माझी पद्धत अशी: महिनाभर आधी लेखी विचारायचं. कोण, किती जण, कशासाठी, हे चार ओळींत. विद्यार्थी असाल तर कॉलेजचं पत्र जोडा. पाचाच्या वर माणसं नकोत. उत्तर आलं नाही तर ते ‘नाही’ समजायचं आणि पुन्हा फोन करायचा नाही. ‘कुणाची ओळख आहे का?’ विचारणाऱ्यांना मी सोबत नेत नाही. आणि आत गेलात तर फोटोआधी विचारा.

‘हे तर अपुरं बांधकाम आहे’

बंगला नाही मिळाला म्हणून तोंड पाडून बसू नका. आश्रम रोडवरची मिलमालकांची इमारत कामाच्या दिवशी, आधी चौकशी करून बघता येते. १९५४ ची आहे. रस्त्यावरून लांबलचक रॅम्प थेट पहिल्या मजल्यावर नेतो.

एकदा धरणगावकडचे एक ठेकेदार सोबत होते. रॅम्पच्या पायथ्याशीच थबकले. “काय शे यामा एवढं? प्लास्टरबी करेल नही!” हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तर देत नाही, फक्त हात लावून बघा म्हणतो. त्यांनी लावला. काँक्रीटवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे आहेत, लाकडाच्या रेषा बोटाला लागतात. मग धंद्यातला माणूस जागा झाला. फळीचा सांधा कुठं, कुठं माल फुगला, ते स्वतःच दाखवायला लागले. शेवटपर्यंत म्हणणं मात्र कायम: आपण असतो तर गिलावा केला असता. असू दे. निदान बघितलं तरी.

अधीर मंडळी रस्त्यावरून एक फोटो काढतात आणि रिक्षात बसतात. मग जळगावात येऊन तोच फोटो दाखवून घराच्या दर्शनी भागाला सहा इंची पट्ट्या ठोकून घेतात. फोटोत भिंतींची खोली कळत नाही हो. तिथं दर्शनी बाजूला ऊन अडवायला काँक्रीटच्या उभ्या भिंतींचा पडदा आहे, त्यात उभं राहून हात पसरा, मग कळेल त्या भिंती किती खोल आहेत. पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला, त्या तिरक्या वळवल्यात, म्हणजे कलतं ऊनही अडतं आणि रस्त्याची नजरही. पूर्वेला साबरमती आहे, तिकडं त्या सरळ आहेत. दोन्ही बाजूंना थोडा थोडा वेळ उभं राहिल्याशिवाय हा फरक अंगाला कळत नाही. सहा इंचाच्या पट्टीनं ऊन अडत नाही, फक्त धूळ साठते.

बाकीच्या चुका थोडक्यात.

साराभाई बंगल्याबद्दल फक्त घसरगुंडी विचारणं. गच्चीवरून ती थेट पोहण्याच्या हौदात उतरते हे खरं, पण घराची करामत वर आहे. विटांच्या भिंतींवर ओळीनं बुटक्या कमानी, त्यावर माती, मातीवर हिरवळ. धाब्याच्या घरात वाढलेल्याला वरची माती घर कसं गार ठेवते हे मी सांगायची गरज नाही.

शोधन बंगल्याच्या दिशा मोजायला कंपास नेणं. तो नकाशा मुळात हठीसिंग यांच्यासाठी काढलेला. तो शोधन यांनी विकत घेतला आणि वेगळ्याच प्लॉटवर बांधला. वास्तुवाल्यांनी यावर काय ते बोलावं.

एका दिवसात सहा ठिकाणं. दोन पुरे. दुसरं म्हणून मी कार्बुझिएच्या हाताखाली काम केलेले वास्तुशिल्पकार बाळकृष्ण दोशी यांचं ऑफिस ‘संगाथ’ सुचवतो, तेही आधी विचारूनच. आपल्या गच्चीवर असतो तोच चायना मोझॅक तिथं कमानींवर बसवलाय.

रिक्षावाल्याला ‘कार्बुझिए’ सांगणं. ‘आश्रम रोड, मिल ओनर्स’ म्हणा.

आणि डिसेंबरात जाणं. सगळे तेव्हाच जातात आणि ‘गार वाटलं, त्यात काय’ म्हणून परत येतात. उन्हासाठी बांधलेली इमारत उन्हातच बघावी. मार्च सरता सरता जा, दुपारी तीनला पश्चिमेच्या बाजूला आत उभे राहा. भुसावळचा उन्हाळा काढलेल्यांना तेवढं ऊन जड नाही. पाण्याची बाटली तेवढी घरूनच भरून न्या.