पिकनिकला मिनीबस ठरवताय? या चुका टाळा, नाहीतर हिशोबाच्या वेळी वाजतं

ग्रुपवर 'कोण कोण येणार' विचारलं की अठ्ठावीस अंगठे येतात आणि निघायच्या दिवशी गाडीजवळ उभी असतात एकोणीस माणसं. हे ज्यांना माहितीये त्यांनीच गाडी ठरवायला घ्यावी, बाकीच्यांनी वर्गणी काढावी. सगळ्यात आधी हेच करा, ज्याचे पैसे आले तोच येणार, बाकी अंगठे मोजू नका, आणि मग गाडीवाल्याला फोन करा.

फोनवर आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, 'किलोमीटरला काय रेट?' तो म्हणतो २६, दुसरा म्हणतो २४, आपण खूश होऊन २४ वाल्याला ॲडव्हान्स टाकतो. पण २४ वाल्याचं बिल २६ वाल्यापेक्षा मोठं येऊ शकतं आणि येतंच, कारण रेट हा बिलाचा एक तुकडा आहे फक्त. खरे पैसे जातात ते ॲव्हरेज (म्हणजे दिवसाला धरलेले कमीत कमी किलोमीटर), दिवस कसा मोजतात आणि गाडी कुठून सुटते त्यात.

पुण्याहून अष्टविनायक घ्या, सगळ्यांच्या ओळखीची ट्रिप. थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव, ओझर, लेण्याद्री, मग महड आणि पाली करून परत, धरा साडेसहाशे किलोमीटर. बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक गाडीवाले दिवसाला कमीत कमी ३०० किलोमीटरचे पैसे लावतात, गाडी तेवढी फिरो न फिरो. दोन दिवसांचे झाले ६००, आपण फिरलो ६५०, म्हणजे २६ च्या रेटने १६,९०० रुपये, ठीक आहे. आता कोणीतरी हुशार म्हणतो आपण शुक्रवारी रात्री अकरालाच निघू म्हणजे पहाटे पहिलं दर्शन होईल आणि रविवारी रात्री परत. झालं! बरेच गाडीवाले दिवस रात्री १२ ते रात्री १२ असा मोजतात, शुक्रवारचा तो एक तास म्हणजे अख्खा एक दिवस. तीन दिवस गुणिले ३०० म्हणजे ९०० किलोमीटर, बिल २३,४००. साडेसहा हजार एका तासाचे, वर ड्रायव्हरचा एक भत्ता जास्त. पहाटे साडेचारला निघालात तरी थेऊरला उजाडायच्या आत पोचता. काही जण २४ तासांचा दिवस धरतात, म्हणून 'तुमचा दिवस कसा?' हे विचाराच, फोनवर लाज कसली.

दुसरं, गॅरेज टू गॅरेज. मीटर तुमच्या दारात सुरू होत नाही, गाडी जिथे उभी असते तिथून सुरू होतं. तुम्ही कोथरूडला आणि गाडी वाघोलीला असेल तर जाऊन येऊन चाळीस-पन्नास किलोमीटर रिकामी गाडी तुमच्याच पैशाने पळणार. यात लबाडी काही नाही, धंद्याची रीतच आहे ती, पण मग शक्यतो आपल्याच भागातला गाडीवाला शोधावा, दीड रुपया रेट जास्त असला तरी परवडतो. आणि निघताना मीटरचा फोटो काढून ड्रायव्हरसमोरच ग्रुपवर टाका, उतरल्यावर परत एक काढा. एवढ्याने निम्मी भांडणं होतच नाहीत.

टोल, पार्किंग, दुसऱ्या राज्याचा टॅक्स, ड्रायव्हर भत्ता, रात्रीचा चार्ज, जीएसटी हे सगळं रेटमध्ये की वेगळं ते व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. तोंडी नको. टोल कारपेक्षा बराच जास्त लागतो हे लोक विसरतात, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेला २०२३ पासून कारला ३२० आहे, मिनीबसला ४९५ आणि मोठ्या बसला ९४०, ते पण एका बाजूचे. शिवाय वाटेत पंपावर ड्रायव्हर म्हणतो 'साहेब डिझेलला पाच हजार द्या', ते द्यायला हरकत नाही पण त्याच मिनिटाला मालकाला मेसेज करा की एवढे दिले, बिलातून वजा.

सीट मोजताना

१७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये १७ माणसं बसतात, १७ बॅगा बसत नाहीत. मुक्कामाची ट्रिप असेल आणि वर कॅरियर नसेल तर मागची एक रांग सामानाला गेली असं समजूनच माणसं धरा, म्हणजे तेरा-चौदा. लहान मुलं 'मांडीवर बसतील' हे घरून निघताना गोड वाटतं, दोन तासांनी कोणाचीच मांडी राहत नाही. पुशबॅक सीट म्हणतात पण शेवटच्या रांगेची पाठ बऱ्याच गाड्यांमध्ये मागे जातच नाही आणि खड्डेही सगळ्यात जास्त तिथेच लागतात, तिथे आजीला बसवू नका, कॉलेजवाली पोरं बसवा. ज्यांना घाट लागतो त्यांना पुढे बसवा, गोळी निघायच्या आधी द्या, उलटी सुरू झाल्यावर नव्हे, पिशव्या हाताशी ठेवा. सीट खराब झाली तर धुवायचे पैसे मागतात काही जण.

मोठी बस केली की स्वस्त पडेल हा पण एक गैरसमज. ४५ सीटर सदाशिव पेठेच्या बोळात येणार नाही, मग सगळ्यांना बॅगा घेऊन मेन रोडला यायला सांगायचं आणि अर्धे रिक्षा शोधत बसतात. पिकअप एक ठेवा, फार तर दोन. प्रत्येक पिकअपला पंधरा मिनिटं जातात, पाच पिकअप केले की तुमचा पहाटेचा प्लॅन नाश्त्याच्या वेळेवर आला. ठिकाणाचंही बघा. माथेरानला दस्तुरी नाक्याच्या पुढे आपली गाडी जात नाही, सामान घेऊन पुढे पायी, घोडा नाहीतर अमन लॉजवरून मिनी ट्रेन. भोरवरून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात जवळजवळ दरवर्षी जड वाहनांना बंद करतात, मग ताम्हिणीवरून जावं लागतं आणि किलोमीटरचं गणित बदलतं. एसीचं पण आधीच बोला, 'घाटात आणि उभ्या गाडीत एसी बंद' असं बऱ्याच जणांचं असतं आणि ते कळतं मे महिन्यात दुपारी दोनला.

कागद बघायला लाजू नका

नंबर प्लेट पिवळी आणि त्यावर काळी अक्षरं पाहिजेत. इलेक्ट्रिक असेल तर हिरवी प्लेट आणि पिवळी अक्षरं. पांढरी प्लेटवाला 'ओळखीतली गाडी आहे, स्वस्तात देतो' म्हणाला तर सरळ नको म्हणा. भाड्याने चालवलेली खासगी गाडी आरटीओने अडवली तर तुम्ही रस्त्यावर, आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाल्यांना हात झटकायला कारण मिळतं. गाडीचा नंबर आधी मागून एमपरिवहन ॲपवर टाकला की फिटनेस, इन्शुरन्स, पीयूसी कधीपर्यंत आहे ते दोन मिनिटात दिसतं. गोव्याला जायचं असेल तर ऑल इंडिया टुरिस्ट परमिट आहे का विचारा, बेळगाव-चोर्ला मार्गे गेलात तर मध्ये कर्नाटक पण लागतं. नंबरच देत नसेल तर समजायचं की तो एजंट आहे आणि गाडी अजून त्यालाच मिळालेली नाही. एजंट वाईट असतात असं नाही पण मग ॲडव्हान्स थोडाच द्या, आणि ऐनवेळी दुसरी गाडी आली तर ती त्याच मॉडेलची, तेवढ्याच सीटची असेल हे लिहून घ्या.

ड्रायव्हर माणूस आहे

हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं खरं तर. मोटार कामगारांच्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती लिहिलेली होती, २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. आपण काय करतो, पहाटे चारला निघतो, दिवसभर फिरवतो, रात्री जेवून परतीला लागतो आणि म्हणतो 'मामा जरा दाबा'. आपण मागे झोपलेलो असतो, तो एकटा जागा. रात्रीचा परतीचा प्रवास करायचाच असेल तर दुसरा ड्रायव्हर मागा, पैसे जास्त पडतील, पडू द्या. मुक्काम असेल तर त्याची झोपायची सोय विचारा, गाडीत डास मारत रात्र काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी घाट उतरवणार आहे तुमच्या घरच्यांना घेऊन. आणि ठरलेल्या यादीत नसलेलं ठिकाण 'इथेच तर आहे' म्हणून घुसवायचं तर मालकाशी बोला, ड्रायव्हरशी हुज्जत घालू नका.

लग्नाच्या वऱ्हाडाला हे सगळं दुप्पट लागू. माणसं ऐनवेळी वाढतात, मानपानात निघायला उशीर होतो, गाडी दिवसभर हॉलबाहेर उभी. वऱ्हाडाला एसटीचा प्रासंगिक करार पण बघा, आगारात जाऊन अर्ज करायचा, अख्खी बस मिळते, डिपॉझिट आधी भरावं लागतं पण कागद चोख असतात. तुळशीचं लग्न झालं की आणि मे महिन्यात गाड्या मिळत नाहीत, तारीख निघाली की लगेच सांगून ठेवा.

वाटेत बिघडलंच तर

गाडी हायवेला बंद पडली की आधी माणसं उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभी करा, गाडीत किंवा गाडीमागे कोणी थांबायचं नाही. नॅशनल हायवेला १०३३ हा मदतीचा नंबर आहे, ॲम्ब्युलन्सला १०८. स्टेपनी आणि जॅक आहे का हे निघतानाच बघायचं असतं, आणि इमर्जन्सी दारासमोर बॅगा रचलेल्या नाहीत ना ते पण. एसी बंद पडला तर व्हिडिओ काढून तेव्हाच मालकाला पाठवा आणि तिथून पुढचा रेट नॉन-एसीचा लावायला सांगा, घरी आल्यावर सांगितलं तर कोण ऐकत नाही. दोन तासात दुरुस्त होत नसेल तर दुसरी गाडी त्याने पाठवायची, हे बुकिंगच्या मेसेजमध्ये असेल तरच तो पाठवतो. आणि हो, शेवटचे पैसे घरी उतरून, मीटर बघून, सीटखाली कोणाचे चष्मे-चार्जर राहिलेत का ते बघूनच द्या.