अर्धशिशी असणाऱ्यांनी रक्तवाहिन्यांची काळजी कशी घ्यावी

अर्धशिशीचा झटका भरात असताना कानशिले ताडताड उडतात आणि हे दुखणे फुगलेल्या शिरांचेच असणार, असे वाटू लागते. पुढच्या झटक्यात, सहन होत असेल तर, एका हाताची दोन बोटे दुसऱ्या हाताच्या मनगटावर अंगठ्याखाली ठेवून नाडी चाचपावी आणि डोक्यातला ठणका तिच्या ठोक्याबरोबर पडतो का, हे मिनिटभर पाहावे. संशोधकांनी दोन्हींची नोंद एकाच वेळी घेतली तेव्हा ठणका नाडीपेक्षा संथ होता आणि त्याचा नाडीशी मेळ बसत नव्हता. म्हणजे ठणका हा धमनीच्या उसळीचा थेट पडसाद नव्हे. असे असूनही अर्धशिशी असणाऱ्याने रक्तवाहिन्यांकडे लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगतो, आणि त्यामागचे कारण डोकेदुखीहून वेगळे आहे: अर्धशिशीच्या एका प्रकारात पक्षाघाताचा धोका वाढलेला असतो.

ग्रॅहॅम आणि वुल्फ या संशोधकांनी १९३८ मध्ये एर्गोटामीन हे रक्तवाहिन्या आवळणारे औषध दिल्यावर कानशिलावरच्या धमनीचे स्पंदन मंदावते आणि त्याबरोबर दुखणेही उतरते, असे दाखवले. तेव्हापासून कित्येक दशके ‘धमन्या फुगतात म्हणून डोके दुखते’ हेच मत रूढ होते. मात्र २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चालू झटक्यात धमन्यांची एमआर चित्रे घेतली गेली, तेव्हा कवटीबाहेरच्या धमन्या रुंदावलेल्या आढळल्याच नाहीत आणि आतल्याही जेमतेमच रुंदावलेल्या दिसल्या. आज अर्धशिशी हा मुळात मज्जासंस्थेचा विकार मानला जातो. चेहऱ्याच्या व मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूंच्या टोकांतून सीजीआरपी नावाचा पदार्थ स्रवतो. तो वेदनेचा मार्ग चेतवतो आणि रक्तवाहिन्याही सैलावतो. थोडक्यात, रक्तवाहिन्या या घडामोडीत सामील असतात, पण सुरुवात त्यांच्यापासून होत नाही.

रक्तवाहिन्यांची काळजी घेण्यातले पहिले काम म्हणजे आपली अर्धशिशी ऑरासह आहे की ऑराविना, हे नक्की करणे, कारण पुढचे बरेचसे निर्णय यावरच ठरतात. ऑरा म्हणजे दुखण्याच्या आधी किंवा सोबत येणारी तात्पुरती लक्षणे. नजरेच्या मध्याजवळ एक चकाकता ठिपका उमटतो, त्याची नागमोडी, लखलखती कड हळूहळू बाहेरच्या बाजूला सरकते आणि तिच्या मागे काही काळ दिसेनासे होते. काहींना हाताच्या बोटांत मुंग्या सुरू होऊन त्या दंडावरून ओठापर्यंत चढतात, तर काहींना शब्द सापडत नाहीत. आरिस्तिदेस लेआँव यांनी १९४४ मध्ये सशाच्या मेंदूवर पाहिलेली विद्युत्-शांततेची लाट मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर इतक्या वेगाने पसरते आणि ऑराही जवळजवळ त्याच गतीने सरकतो. या लाटेपाठोपाठ मेंदूच्या त्या भागाचा रक्तपुरवठा काही काळ कमी होतो, हे १९८१ मध्ये येस ओलेसेन व सहकाऱ्यांनी रुग्णांत मोजून दाखवले. लक्षण दिसू लागताच कागदावर एक गोल काढावा, दर पाच मिनिटांनी चकाकी कुठवर पोहोचली ते त्यात रेखाटावे आणि शेजारी वेळ लिहावी. एका ऑरा-लक्षणाचा काळ साधारणपणे ५ ते ६० मिनिटांचा असतो. असे दोन-तीन कागद डॉक्टरांपुढे ठेवल्यास निदानाला मोठी मदत होते.

ऑरा असणाऱ्यांमध्ये मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन होणाऱ्या पक्षाघाताचा धोका इतरांच्या तुलनेत साधारण दुप्पट आढळतो. हे वाचून घाबरू नये. तरुण वयात हा धोका मुळातच फार लहान असतो आणि त्याची दुप्पटही लहानच राहते. मात्र धूम्रपान आणि इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधके या दोन गोष्टी त्यात मिसळल्या की आकडा झपाट्याने वाढतो, विशेषतः ४५ वर्षांखालील स्त्रियांमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार ऑरासह अर्धशिशी असलेल्या स्त्रीने, वय काहीही असो, इस्ट्रोजेन असलेली संयुक्त गर्भनिरोधके वापरू नयेत. गोळी, पट्टी आणि योनीत ठेवायची रिंग, या तिन्हींना हे लागू आहे. अशी गोळी चालू असेल तर ऑराची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी. केवळ प्रोजेस्टोजेन असलेली गोळी किंवा तांबी असे पर्याय उपलब्ध आहेत. गर्भनिरोधक लिहून देताना डोकेदुखीचा विषय निघतोच असे नाही, त्यामुळे तो आपणच काढावा. धूम्रपानाबाबत तडजोडीला जागा नाही. रक्तवाहिनीचे आतले अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करून तिला सैल आणि वाहती ठेवते, आणि तंबाखूचा धूर नेमके हेच काम बिघडवतो.

या अस्तराच्या कार्यक्षमतेची एक चाचणी आहे. दंडाभोवतीचा पट्टा पाच मिनिटे आवळून सोडतात आणि रक्ताचा लोंढा परत आल्यावर धमनी किती रुंदावते, हे सोनोग्राफीने मोजतात. अर्धशिशी असणाऱ्यांवर केलेल्या अशा अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे अस्तराचे काम मंदावलेले दिसले, कुठे अगदी सुरळीत. त्यामुळे ही तपासणी स्वतःहून करवून घेण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण तिच्या निकालाने उपचार बदलत नाही. त्यापेक्षा रक्तदाब नीट मोजणे कितीतरी उपयोगाचे.

रक्तदाब मोजण्यात मात्र हयगय फार होते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट आणि व्यायाम टाळावा व लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे न बोलता बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा, बाहीवरून नव्हे, आणि हात छातीच्या उंचीवर टेकवावा. हात खाली लोंबत राहिला तर आकडा खोटाच वर जातो. पट्टा दंडाच्या घेराला योग्य मापाचा असावा, कारण तोकडा पट्टा रक्तदाब आहे त्याहून जास्त दाखवतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यावेत व उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी घेतलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली तर डॉक्टरांना दाखवावी. झटका चालू असताना घेतलेला आकडा या सरासरीत धरू नये, कारण वेदनेनेही रक्तदाब चढतो. उपचार लागलेच तर प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल आणि कॅन्डेसार्टन ही औषधे रक्तदाबाबरोबर झटक्यांची संख्याही कमी करू शकतात, म्हणून दोन्ही तक्रारी एकाच बैठकीत सांगाव्यात. बोटे थंडीत पांढरी पडत असतील तर तेही सांगावे, कारण यांपैकी प्रोप्रानोलॉल व मेटोप्रोलॉल या बीटा-ब्लॉकर गटातील औषधांनी तो त्रास वाढू शकतो.

झटक्यावरच्या औषधांची निवडही रक्तवाहिन्यांकडे पाहूनच व्हावी लागते. सुमाट्रिप्टानसारखी ट्रिप्टान औषधे गुणकारी आहेत, पण ती धमन्या आकुंचित करतात. हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर ती घेता येत नाहीत. एर्गोटामीन आणि ट्रिप्टान यांमध्ये किमान २४ तासांचे अंतर हवे. घरात जुन्या गोळ्या पडून असतील तर आधी त्यांतील घटक वाचावेत. सर्दीवरच्या काही औषधांतील स्यूडोएफेड्रिनही रक्तवाहिन्या आवळते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. इब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक वारंवार घेतल्याने रक्तदाब वाढू शकतो. ट्रिप्टान महिन्यातून दहा दिवसांपेक्षा कमी आणि साध्या वेदनाशामक गोळ्या पंधरा दिवसांपेक्षा कमी वापराव्यात, नाहीतर औषधामुळेच डोके दुखू लागते. सीजीआरपीचे काम अडवणाऱ्या जेपंट गटातील नव्या गोळ्या धमन्या आवळत नाहीत. सीजीआरपीला अडवणाऱ्या इंजेक्शनांपैकी एरेनुमॅबच्या माहितीपत्रकात मात्र २०२० मध्ये रक्तदाब वाढण्याविषयी इशारा घालण्यात आला, म्हणून ते सुरू असताना वर सांगितलेली नोंद चालू ठेवावी.

व्यायामाचा फायदा रक्तवाहिन्यांनाही होतो आणि डोक्यालाही. आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटांचा व्यायाम, टोपिरामेट ही झटके रोखणारी गोळी आणि शिथिलीकरण यांची तुलना करणाऱ्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात तिन्ही गटांतील झटके जवळपास सारख्याच प्रमाणात कमी झाले. एकदम जोर लावल्याने झटका येतो असा काहींचा अनुभव असतो. त्यांनी दहा मिनिटे हळूहळू अंग तापवून सुरुवात करावी आणि उपाशीपोटी व्यायाम करू नये.

शेवटी, जे ओळखता आलेच पाहिजे ते. ऑरा हळूहळू सरकतो आणि त्यात बहुधा काहीतरी जास्तीचे जाणवते, म्हणजे चकाकी किंवा मुंग्या. पक्षाघात एकदम होतो आणि त्यात काहीतरी हरपते: तोंड एका बाजूला ओघळते, हात उचलत नाही, बोलणे बंद होते किंवा नजर जाते. मिनिटभरात शिगेला पोहोचणारी डोकेदुखी आली, ऑरा तासाहून अधिक लांबला, किंवा आयुष्यात कधी न अनुभवलेले लक्षण उमटले तर नेहमीची अर्धशिशी समजून अंधाऱ्या खोलीत पडून राहू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. सोबतच्या माणसाने लक्षण नेमके किती वाजता सुरू झाले ते लिहून घ्यावे आणि पोहोचताच सांगावे, कारण गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते.